मागाला लागेल तेवढंच

आमच्या नियमांत काही नवं घालायचंय, असं कोणी म्हणालं की महादेवीअक्का त्याला खुर्ची देत नाहीत. उठतात, शेजारच्या कारखान्यात नेतात आणि चालत्या मागासमोर उभं करतात. त्या खडखडाटात ओरडून विचारतात, "आता सांगा, माग ह्याचं काय करणार?"

मलाही कामाच्या पहिल्याच दिवशी उभं केलं होतं. मी कुंभारीची, विड्या वळणाऱ्या आईची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. पिशवीभर कल्पना घेऊन गेले होते. परतताना एकही उरली नव्हती. "तोंड पाडू नको गं," अक्का म्हणाल्या, "माझ्या तर ह्याहून लई होत्या."

सोलापुरात प्रत्येक कंपनीच्या मागाला नक्षीची फाईल वेगळी लागायची. एकाची दुसऱ्याला चालत नसे. दुधनीहून शिकायला आलेल्या अक्कांनी फाईल कशी लिहायची याचे नियम केले आणि सगळ्यांना खुले ठेवले. कोणीही फुकट वापरावेत. त्यात गोष्टी दोनच: कोणत्या ओळीला कोणते धागे उचलायचे आणि कोणता रंग टाकायचा.

एकदा एका मोठ्या मशीन कंपनीचे साहेब आले. "मॅडम, किंमत आणि गिऱ्हाईकाचं नाव तेवढं घाला. आमच्या सगळ्या मशिनी तुमचे नियम पाळतील."

"ब्याड री, नको साहेब! गिऱ्हाईक बघून माग टॉवेल जाड विणणार व्हय?"

साहेब चहा न घेता गेले. मी चिडले. "अक्का, एवढं मोठं माणूस हातचं घालवलंत की!"

"जाऊ दे. त्यांच्या सोयीचा रकाना आपल्या जुन्या मशीनवाल्यानं का वागवायचा? आज एक घातला, तर उद्या रांग लागंल."

गेल्या वर्षी अक्कांचे वडील, सिद्रामप्पा, वारले. जन्मभर त्यांनी आलेखाच्या कागदावर नक्ष्या काढल्या, पण टॉवेलावर शिक्का मालकाचाच असायचा. दिवसकार्य झाल्यावर अक्कांनी स्वतःच नियम सांभाळणाऱ्या आमच्या गटाला लिहिलं: फाईलमध्ये नक्षीकाराचं नाव असावं. सगळ्यांनी लगेच होकार दिला. अक्कांना मागासमोर कोण उभं करणार?

त्या आपणच गेल्या. मी सोबत होते. वडिलांच्या मोराच्या नक्षीची फाईल त्यांनी मागाला दोनदा दिली, एकदा नावासकट, एकदा नावाविना. मग दोन्ही टॉवेल मांडीवर घेऊन बराच वेळ हात फिरवत बसल्या.

"सारखेच आलेत की गं," म्हणाल्या. तिथंच फोन काढून त्यांनी आपली सूचना मागं घेतली. "नाव माणसांनी घ्यावं. मागाला कशाला सांगायचं?"

आज हे नियम कुठल्या कुठल्या गावांतल्या मागांवर चालतात. छापले तर दोन पानं भरतात. त्या पानांत सिद्रामप्पा कुठं नाहीत, महादेवीअक्काही नाहीत. कोणी मला विचारलं, हे कोणाचं काम, तर मी आधी वडिलांचं नाव सांगते, मग लेकीचं. ऐकणारा घाईत असला तरी दोन्ही सांगते.