बोरीची काठी

ज्या माणसानं माझ्या हातावर माझ्याच बापाची काठी चालवली, तो माणूस गेल्या उन्हाळ्यात नातीचं बोट धरून माझा जिना चढून वर आला. मी त्याला आधी पाणी दिलं. सोलापूरचा मे महिना, वैऱ्यालासुद्धा पाणी विचारावं लागतं.

सुट्टीत मी घराच्या वरच्या खोलीत मुलांना लाकडावर जाळून नक्षी काढायला शिकवते. विजेवर तापणारा पेन, पाटीएवढ्या फळ्या, शेजारी ओला टॉवेल आणि धूर बाहेर जावा म्हणून खिडकीत उलटा बसवलेला पंखा. केस बांधायचे, नायलॉनचे कपडे घालायचे नाहीत, पेन दाबायचा नाही. हात जितका रेंगाळेल तितकी रेघ काळी होते. भरभर नेला तर चहाचा रंग येतो.

"मॅडम, चटका तर बसणार नाही ना?" त्यानं विचारलं. "नाजूक आहे हो पोर. तिच्यावर आम्ही कधी आवाजसुद्धा चढवलेला नाही."

तो आवाज मी लगेच ओळखला. "काळजी करू नका, काका," मी म्हणाले. त्याला मी कुठून आठवणार? तेल चोपडलेल्या दोन वेण्यांची पोरगी त्याच्या वर्गात प्रत्येक बाकावर होती. आपल्या गुरुजींना कुणी अरेतुरे करत नाही. मी मनातल्या मनात करते.

आमचं गाव मंद्रूपच्या पलीकडं. घरी मेंढरं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, मेंढरं राखायच्या काठीवर नक्षी काढायचे. शेणीच्या निखाऱ्यात लोखंडी सळी तापवायची आणि बोरीच्या काठीला टेकवायची. आधी कडी, मग जाळी, मग मेंढीच्या खुरांचे जोडठसे. चौथीत असताना शाळेत हस्तकलेची वस्तू न्यायची होती. दादांनी एक काठी केली आणि मुठीजवळचा पट्टा माझ्याकडून करून घेतला. माझे खूर वाकडेतिकडे आले. मी रडायला लागले.

"ऱ्हाऊ दे की," दादा म्हणाले. "मेंढरं तरी कुटं सरळ चालत्यात?"

गुरुजीनं ती काठी वर्गापुढं उंच धरली. "हितं शिकायला आलीस का मेंढरं राखायला?" वर्ग खदाखदा हसला. काठी मला परत मिळाली नाही. दुसऱ्या दिवसापासून तीच त्याची छडी झाली, आणि पाढा चुकला म्हणून तिचा पहिला मार मीच खाल्ला. बदली होईपर्यंत तो तीच वापरत होता.

दादा काठी मागायला शाळेत आले, तेव्हा हा खुर्चीतून हललासुद्धा नाही. "झकास केलीस रे काठी," तो म्हणाला. "लागती बी चांगली." दादा चपला काढून दारात उभे होते. आत चाळीस पोरं बघत होती, त्यांत मी. "व्हय गुरुजी," एवढंच म्हणून दादा निघून गेले. त्यानंतर त्यांनी कुठल्याच काठीवर नक्षी काढली नाही. मरेपर्यंत त्यांच्या हातात कोरी काठी होती. मार मी कधीच विसरून गेले असते. ते "व्हय गुरुजी" मात्र माझ्या घशात अडकलं ते अडकलंच.

नात गुणी निघाली, याचा मला रागच आला. हात स्थिर, घाई नाही, बोलणं गोड. शेवटी प्रत्येकानं घरच्या कुणासाठी तरी एक वस्तू करायची, असा माझा नियम आहे. ती म्हणाली, "आजोबांचा गुडघा दुखतो. काठी करू का?"

त्या क्षणी माझ्या मनात आलं ते काही चांगलं नव्हतं. पण मला ते फार आवडलं.

बोरीची काठी मी गावाहून मागवली. रोज थोडं थोडं करत तिला दादांची नक्षी शिकवली. आधी कडी, मग जाळी, मग खूर. मुठीजवळचे खूर मी तिला मुद्दाम वाकडे काढायला लावले.

"चुकल्यासारखं दिसतंय, मॅडम."

"तसंच हवंय मला."

मला सूड हवा होता, दुसरं काही नाही. फिरायला जाताना, देवळात, दवाखान्यात, जाईल तिथं ही नक्षी त्याच्या मुठीत असावी, आणि ती कुणाची हे त्याला पक्कं ठाऊक असावं.

शेवटच्या दिवशी सगळ्यांचे आईवडील आले. नातीनं त्याच्या हातात काठी ठेवली, टाळ्या वाजल्या. "माझ्या नातीनं केलीय!" तो सगळ्यांना दाखवू लागला. मग त्याचा अंगठा मुठीजवळच्या खुरांवर गेला आणि तिथंच थांबला. त्यानं एकदा काठीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"मुठीजवळचं काम माझं होतं, गुरुजी," मी म्हणाले. "बाकी दादांचं."

अख्खी सुट्टी मी त्याला काका म्हणत होते. त्याचा चेहरा उतरला.

"आजोबा, तुमच्याकडं अशी काठी होती?" नातीनं विचारलं.

"होती."

"तिचं काय करायचात?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. किती वर्षं मी ते घोकत होते! पण विचारणारी त्याची लाडकी नात होती, तिला त्यानंच सांगावं. तो इकडं तिकडं बघत राहिला, आणि ती त्याच्याकडं.

"पोरांना मारायचो," तो शेवटी म्हणाला.

तिनं वळून माझ्या हातांकडं पाहिलं. मग त्याच्या मुठीतून काठी काढून घेतली, कोपऱ्यात उरलेल्या फळ्यांजवळ नेऊन ठेवली आणि चपला घालून जिना उतरू लागली. हे काही मी ठरवलेलं नव्हतं. तो मागून निघाला, एका हातानं कठडा धरून, दुसऱ्या हातानं तिचा खांदा चाचपडत. ती चार पायऱ्या पुढं होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

काठी न्यायला मी त्याला हाक मारू शकले असते. मी दारात उभी राहून तो शेवटची पायरी उतरेपर्यंत बघत होते.