फेरीपुरता टाका

तबेल्यात खोगिरं शिवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्या स्वतः जन्मात कधी घोड्यावर चढल्या नव्हत्या, पण चढणाऱ्यांचे प्रकार त्यांना तोंडपाठ. गिऱ्हाईक घोड्यावर नुसतं बसतं. दोर दुसऱ्याच्याच हातात. शिकाऊ पोरं मांड जमवतात, म्हणजे मांड्यांनी घोडा धरून बसायला शिकतात. कुंपणाच्या आत सावकाश चालवलं तर ती फेरी, बाहेर मोकळ्यावर नेलं तर रपेट. आणि घोडा फेकायचा म्हणजे लगाम सैल सोडून जीव खाऊन पळवायचा. मावशी शब्द ऐकूनच सुई उचलत. फेरीला एकेरी शिवण पुरे, फेकायला दुहेरीच हवी.

काल तबेल्याचे उस्ताद म्हणाले होते, "उद्या तुमची लेक नव्या घोडीवर फेरी मारेल." घोडीच्या पोटाखालून आवळायचा पट्टा, तिचा तंग, उसवला होता. मावशींनी तो एकेरीच शिवून दिला.

आज घोडी बघायला पाहुणे आले आणि उस्तादांना चेव चढला. "पोरी, फेक घोडी! दिसू दे यांना!"

मावशींना आपली एकेरी शिवण आठवली. तंग तुटला की खोगीर फिरतं आणि स्वार थेट टापांखाली. पण लेकीला इथं स्वार म्हणून कायमची ठेवायची की नाही, ते उस्ताद आजच ठरवणार होते. मध्ये पडलं तर पोर जन्मभर तोंड बघणार नाही. आणि नाही पडलं तर?

 मावशी कुंपणाखालून आत शिरल्या आणि घोडीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"आई, हो बाजूला! काय तमाशा लावलायस?"

"उतर खाली."

"मावशी, पाहुणे खोळंबलेत," उस्ताद दात आवळून म्हणाले.

"खोळंबू देत. तंग फेरीपुरता शिवलाय मी. फेकायची होती तर काल बोलायचं होतंत!"

उस्तादांनी वाकून पट्टा ओढून पाहिला. मग दुसऱ्या स्वाराला दुसरा घोडा काढायला सांगितलं.

लेकीनं खोगीर उतरवून आईपुढे आदळलं. "शिव आता. दुहेरी. उद्या मी फेकणारच आहे, तू आडवी पडलीस तरी."

मावशी दोरा ओवायला बसल्या. पण दोरा सुईचं नेढं सोडून भलतीकडेच जाई. शेवटी लेकीनंच सुई हिसकावून घेतली आणि ओवून दिली.