अंड्यांच्या ट्रेमधले व्हॉल्व्ह

झाफिर आमच्या ट्रॅक्टर डेपोत भांडारपाल होता. फिटर मी होते, हे तो सोयीस्करपणे विसरायचा. निवृत्तीनंतर मधमाश्यांच्या बत्तीस पेट्या, एक जुनाट गाडी आणि बायको स्तोयना, एवढाच त्याचा संसार.

जूनअखेर गावात नोटीस लागली. शनिवारी सकाळी सूर्यफुलांवर विषारी फवारणी, माश्या हलवा. गाडीला ट्रेलर जोडून पेट्या डोंगराकडे न्यायच्या, तर गाडीनेच मान टाकलेली. गावात उरलेली घरं माझं धरून सहा, दुसरी गाडी नाही. पेट्या बंद ठेवाव्यात तर उन्हाने माश्या आतच शिजतात.

झाफिरने अक्रोडाखाली इंजिन उघडलं. चार मोठे व्हॉल्व्ह, चार छोटे. दोन दिवस खपून प्रत्येक व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून त्याच्या त्याच्या बैठकीवर, तिच्याशी घट्ट जुळेपर्यंत हाताने घासला. कोणता कुठला हे कळावं म्हणून अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवला. खुणा कर की रे, मी म्हटलं. ट्रे आहे ना, म्हणाला. मेला मला शिकवत होता.

शुक्रवारी दुपारी व्हॉल्व्ह बसवून त्याने वरून रॉकेल ओतलं. व्हॉल्व्ह घट्ट असले तर ते तसंच राहतं. इथे खालून टपटप सुरू झालं. आठातले पाच गळत होते. झाफिरने पुन्हा ओतून पाहिलं, तेच. घासकाम मी स्वतः तपासलं होतं, एकही गळायला नको होता.

तेवढ्यात स्तोयना ताक घेऊन आली.

"तू पेट्यांकडे गेलास ना, तेव्हा मीच ट्रेमधले व्हॉल्व्ह धुतले सगळे," ती म्हणाली. "नुसता काळा राडा होता. मोठे मोठ्यांच्या ओळीत, छोटे छोट्यांच्या, सगळं जिथल्या तिथे. झाली ना रे मदत?"

झाफिरने माझ्याकडे पाहिलं. मोठ्यांतला पहिला कुठला नि तिसरा कुठला, हे आता ट्रेलाही सांगता येणार नव्हतं.

"झाली," तो म्हणाला. "बरं केलंस."

मग डबीच्या तळाची पेस्ट खरवडून तो पुन्हा घासायला बसला. तळहातांची सालटी निघाली. अंधार पडेपर्यंत दोनच व्हॉल्व्ह जमले आणि पेस्ट संपली.

शनिवारी दहा वाजता पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा थर होता. मी खराटा घेऊन गेले, पण झाडवेना. स्तोयना माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. किती राबला गं हा, म्हणाली, मी धुवून दिले तेवढाच काय तो हातभार.

"इंजिनच म्हातारं झालं होतं," झाफिर तिच्या पाठीवर हात ठेवत म्हणाला, आणि सोललेला तळहात तिला जाणवू नये म्हणून त्याने तो उलटा केला.