टाळ्या वाजवणाऱ्यांची शाळा

ग्रेटा हॅलोरन कनेटिकटमधल्या एका खाजगी शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकवायची. शिकवायची म्हणण्यापेक्षा पळवायची. तिचा वर्ग एपीचा, म्हणजे शाळेत बसून कॉलेजच्या पातळीचा. मे महिन्यात परीक्षा, कॉलेजच्या प्रवेशाला तिचे गुण कामी येत, त्यामुळे नाताळपर्यंत यादवी युद्ध उरकायलाच हवं. गावातल्या जुन्या कापड गिरणीतल्या बायकांनी केलेला संप एकदा सावकाश, कागदपत्रं हातात घेऊन शिकवावा, ही तिची कितीतरी वर्षांची इच्छा. पण संपाच्या वाट्याला पुस्तकात दीड ओळ होती.

आणि त्या वसंतात मुख्याध्यापक डॉ. प्रेस्कॉट यांनी जाहीर केलं, की शाळा एपी बंद करते आहे. त्यांच्याहून बड्या शाळांनी ते आधीच बंद केलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. "आपण परीक्षेसाठी शिकवत नाही, विषयाच्या खोलीसाठी शिकवतो," असं ते म्हणाले. पालकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत आधी मिसेस लॉकरिजनी.

घरी ग्रेटानं हे नवऱ्याला सांगितलं. नेड गावातल्या सरकारी शाळेत गणित शिकवायचा.

"आमच्याकडे एपीचे वर्ग वाढवा म्हणून लोक सह्या गोळा करतायत," तो बटाटे सोलता सोलता म्हणाला. "तुमच्याकडच्यांना ते नकोसं झालं. पोट भरलं की डाएट सुचतं, तसं."

"मला काय, माझा संप मिळाला."

"मिळू दे तर खरा."

सप्टेंबरात शाळा उघडली. पालकांच्या स्वागतसमारंभात चीजच्या टेबलापाशी मिसेस लॉकरिजनी तिला बाजूला घेतलं.

"ग्रेटा, तुमच्या त्या गिरणीबद्दल आमची पिपा फार उत्सुक आहे हं. फक्त... एपीची परीक्षा सरकारी शाळेत बाहेरून देता येते म्हणे. तिची तयारी तेवढी करून घ्याल ना वर्गात? आपल्यातच राहू दे हे."

आठवडाभरात असेच आणखी पालक येऊन गेले. कुणी पार्किंगमध्ये गाठलं, कुणी चर्चच्या पायरीवर. प्रत्येकाला वाटत होतं, चोरून मागणारे आपण एकटेच. शेवटी डॉ. प्रेस्कॉटही आले. "परीक्षेशी शाळेचा संबंध नाही," ते म्हणाले, "पण गुण मात्र घसरता कामा नयेत."

म्हणजे नाताळपर्यंत यादवी युद्ध. ग्रेटा दोन दिवस घरात भांडी आदळत होती.

पालकांच्या पुढच्या कॉफीच्या बैठकीत ती उभी राहिली. म्हणाली, "काही जणांना वर्गात एपीची तयारी हवी आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ज्यांना हवी त्यांनी हात वर करा. निम्म्यांचे जरी आले, तरी मी गिरणी सोडते आणि परीक्षेचंच शिकवते."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं; हात एकाचाही वर आला नाही. डॉ. प्रेस्कॉट कपात चमचा ढवळत राहिले. ते साखर घेत नसत. मिसेस लॉकरिज हसून म्हणाल्या, "अहो, आपल्याकडे तसं कोण असणार?"

"मग ठरलं," ग्रेटा म्हणाली.

पुन्हा टाळ्या झाल्या, जरा उशिरानं.

सोमवारी तिनं वर्गात संपाची पत्रकं वाटली. पिपानं हात वर केला. "मिसेस हॅलोरन, हे परीक्षेत येणार?"

"कुठल्या?"

पिपानं इकडेतिकडे पाहिलं. आईनं हे कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलेलं असणार.

"कुठल्याच नाही," पिपा म्हणाली, आणि पत्रक पुढे ओढून वाचू लागली.