चौथ्या ओळीतली चौदावी वेल

अर्ना मीबुस चौथ्या ओळीतली चौदावी वेल सगळ्यात शेवटी छाटते, हे मला कळून तीस वर्षं झाली. का, ते मात्र कळत नव्हतं. आणि एखादी गोष्ट कळली नाही की मला चैन पडत नाही! आमची द्राक्षबाग तिच्या बागेला लागूनच. दर जुलैत, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यात, मी कुंपणाच्या तारेच्या अलीकडून विचारायची आणि ती पलीकडून म्हणायची, "थेल्मे, नाक आवर. सर्दी होईल."

चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. चर्चमध्ये पहिल्या बाकावर, काकडीच्या लोणच्यात पहिला नंबर, आणि दुसऱ्याच्या छाटणीला नावं ठेवण्यात तर सगळ्यांच्या पुढे. माझ्या नवऱ्यानं छाटलेली ओळ बघून विचारायची, "बकरी शिरली होती का रे?"

यंदा छाटणी अर्ध्यावर असताना वाइन बनवणारा ग्लेन आला. तिची द्राक्षं तोच घेतो आणि त्या एकाच बागेची शिराझ वाइन वेगळ्या बाटल्यांत भरतो. बाटलीवर त्याला लिहायचं होतं : इथली एकूण एक वेल १८८६ सालची. त्याला अर्नाची सही हवी होती. मी केक घेऊन पोचलेच, अगदी योगायोगानं.

"एक वेल नाही," अर्ना म्हणाली. "चौदावी. जुनी मेली, तेव्हा ओस्करनं बासष्ट साली शेजारच्या वेलीची काडी मातीत दाबून ही वाढवली."

ओस्कर तिचा नवरा. लग्नानंतर तीन वर्षांत ट्रॅक्टरखाली गेला. म्हणजे ही वेल त्याच्या हातची! मला माझ्या चौकशांची लाज वाटली.

ग्लेननं डोकं खाजवलं. "मग ती काढूनच टाकू या, मावशी. एकच तर आहे. म्हणजे लिहिलेलं खरं होईल."

मला वाटलं, आता या ग्लेनची धडगत नाही. पण ती कुदळ घेऊन चौथ्या ओळीत गेली आणि तेराव्या-चौदाव्या वेलीच्या मधे खणायला लागली. ग्लेननं तिच्या हातातली कुदळ घेतली तशी ती ओरडली, "हळू! हातानं उकर."

वीतभर खाली ती काडी निघाली. काडी कसली, माझ्या मनगटाएवढी जाड! तेरावीतून निघून चौदावीत शिरलेली, अखंड.

"अगं, ही कापायची असते ना?" माझ्या तोंडून गेलंच. मुळं फुटली की तिसऱ्या वर्षी काडी आई-वेलीपासून तोडायची, हे आमच्याकडे कुणालाही ठाऊक. न तोडणं म्हणजे शुद्ध कामचुकारपणा.

"ठाऊक आहे मला," अर्ना म्हणाली. "चौसष्टच्या हिवाळ्यात काप, असं ओस्कर सांगून गेला होता. त्या हिवाळ्यात तोच नव्हता. कात्री घेऊन इथं बसले, पण नाही कापवलं. मग दर वर्षी सगळं उरकलं की ही कापायला यायची मी. हिची छाटणी व्हायची, काडी राहायचीच. हसा आता."

ग्लेन गुडघ्यावर बसून ती काडी चाचपत होता.

"मावशी, ही वेगळी वेल नाहीच," तो म्हणाला. "ही तेरावीच आहे. अजून तिच्या मुळांना जोडलेली आहे. म्हणजे बाटलीवरचं खरंच."

अर्नानं मातीच्या हातानं सही केली आणि खड्डा स्वतः बुजवला.

दोन दिवसांनी ती चौथ्या ओळीत आली, तेव्हा मी तारेपाशीच होते. तिनं तेरावी छाटली. मग चौदावी छाटली. मग पंधरावीकडे गेली.