सुमनची कणसं

उद्याच्या तासाला लागतात म्हणून मंडईतून मक्याची सात कणसं आणली. पिशवी उघडताच तो हिरवा, दुधाळ वास आला आणि मी तीस वर्षांपूर्वीच्या कॉलेजात, कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन पोचलो.

मशिनला धूळ चालत नसे, म्हणून चपला दाराबाहेर काढून आम्ही गार फरशीवर पाय टेकून मशिनसमोर बसलेलो असू. त्या दिवशी आकडे चढत्या क्रमाने लावायचा प्रोग्रॅम होता. शहरात, शाहूपुरीतल्या आमच्या घरी कॉम्प्युटर असूनही माझा प्रोग्रॅम तिसऱ्यांदा अडकला. शेजारी मुरगूड गावच्या सुमनने वहीत लिहून आणलेला टाइप केला आणि तो पहिल्याच फटक्यात चालला. सर तिला "शाब्बास!" म्हणाले आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

"घरात कॉम्प्युटर न्हाय तुझ्या, मग जमलं कसं?" मी खवचटपणे विचारलं.

"अंगणात कणसं मांडली की! शेजारची दोन बघायची, मोठं उजवीकडं सारायचं. शेवटापर्यंत गेलं की परत पहिल्यापासनं. तूबी करून बघ."

"ही काय शेती हाय व्हय?" म्हणून मी हसलो.

आता दरवर्षी हाच प्रोग्रॅम शिकवताना मी टेबलावर कणसं मांडतो. पोरं विचारतात, "सर, हे सुचलं कसं तुम्हाला?" सुमनचं नाव घ्यायला माझी जीभ अजून रेटत नाही.