कावळा शिवेना

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात आईनं विचारलं होतं, "परत येशील ना बेटा आपल्यात?" मी "हव" म्हणालो. येशूवर श्रद्धा ठेवून मला पंधरा वर्षं झाली होती आणि ती सोडायचा विचार एकदाही मनात आला नव्हता. तरी म्हणालो. मरणाऱ्या माणसाशी वाद कोण घालतो!

दहाव्याला खारून नदीच्या घाटावर मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. थोरला मी, पण अग्नी धाकट्या भावानं दिला, मुंडणही त्याचंच झालं. मला कोणी बोलावलं नव्हतं, हाकललंही नाही. याची आता सवय झाली आहे. आईबाबांच्या घरी गेलो की माझा चहाचा कप वेगळा, धुऊन खिडकीत पालथा घातलेला. चर्चमध्ये सगळी प्रार्थना हिंदीत, आणि माझं मराठी आडनाव ऐकून नवा माणूस अजूनही दोनदा वळून बघतो. देवाशी मी मराठीतच बोलतो, तेही मनातल्या मनात.

पिंड ठेवला. समोरच्या पिंपळावर कावळे होते, पण एकही खाली येईना. धाकट्यानं हात जोडून आईला एकेक कबूल केलं. बाबांना सांभाळीन, तुझी तुळस सुकू देणार नाही. कावळे ढिम्म. ऊन चढलं, तसे काका माझ्याकडे वळले.

"तिचा जीव कशात अडकला, तुले माहीत आहे. परत येतो म्हण एकदा. गप काहून उभा आहेस?"

आत्मा कावळ्यासाठी खोळंबत नाही, असं मी मानतो. मग त्या पिंपळाकडे टक लावून का बघत होतो, कोण जाणे. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. दवाखान्यात जमलं ते इथं जमेना. तिथं आईचं मन राखायचं होतं, इथं चारचौघांसमोर येशूला सोडायचं होतं. मी मान खाली घातली आणि रडलो. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. काका मला वळसा घालून निघून गेले.

धाकट्यानं मला स्कूटरवर मागे बसवलं. घाट मागे पडल्यावर त्यानं वेग कमी केला. मग म्हणाला, "दादा, तू खोटं बोलून राहिला, हे आईले माहीत होतं."

"तुले कोणी सांगितलं?"

"तिनंच. म्हणे, माझ्यासाठी खोटं बोलला पोट्टा. आता तो जसा आहे तसा त्याले घरात घे. त्याचा कप वेगळा नको ठेवू. एवढं एकच मागितलं तिनं माझ्याजवळ."

"मग घाटावर हे काहून नाही बोलला?"

"काकांसमोर कसं बोलू, दादा?"

माझ्या खोलीजवळ, पंडरीच्या चौकात त्यानं स्कूटर थांबवली. मी उतरलो. तेरवीला ये, असं तो म्हणाला नाही.